ट्रंकेतलं रिव्हॉल्व्हर नेमकं कोणाचं? उत्तर कसब्यातल्या एका घराचं प्रकरण

सोलापूरच्या उत्तर कसब्यातल्या एका जुन्या घराचं माळवद उतरवून स्लॅब टाकायचं काम चालू होतं आणि माळ्यावरचं सामान खाली घेताना एका पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं एक रिव्हॉल्व्हर निघालं. घरातल्या ताई शाळेत शिकवतात, त्यांच्या भावाची आणि माझी जुनी ओळख, म्हणून पहिला फोन मला आला. मी एकोणीस वर्षं बंदुकीच्या दुकानात काम केलंय, दुकान सुटलं पण जुन्या हत्यारांवरचे शिक्के वाचायचा नाद काही सुटला नाही, आणि हे गावात बऱ्याच जणांना माहीत आहे.

ताई अगदी हळू आवाजात बोलत होत्या, गवंडी बाहेरच होते. "दादा, घरात पिस्तूल निघालंय ओ, आता काय करायचं?" मी म्हणलं आहे तिथंच ठेवा, कोणी उचलायचं नाही, चाप ओढून बघायचा नाही, फोटो काढून कुठल्या ग्रुपवर टाकायचा नाही, पोरांना त्या खोलीतनं बाहेर काढा आणि पोलीस ठाण्यात आपणहून फोन करा, मी निघालोच.

तिकडं पोचलो तर घरात दोन पार्ट्या पडलेल्या. एक म्हणत होती गुपचूप विहिरीत टाकू, दुसरी म्हणत होती अँटिक वस्तू आहे, अँटिकला लायसन्स लागत नाही, ठेवून देऊ. दोन्ही चूक. विहिरीत टाकलं म्हणजे पुरावा नष्ट केल्यासारखं दिसतं आणि उद्या कोणाच्या हाताला लागलं तर नसती भानगड. आणि अँटिकचं म्हणाल तर हा गैरसमज मी दुकानात असताना कितीतरी वेळा ऐकलाय. १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टात कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ती नुसत्या वयावर मिळत नाही, हत्यार जुन्या पद्धतीचं, पुराणवस्तू म्हणून मोलाचं किंवा मोडकं असावं आणि दुरुस्त करून सुद्धा त्यातनं गोळी सुटणार नाही अशी त्याची अवस्था असावी. हे तर तेल चोपडून ठेवलेलं, चालू हालतीतलं होतं. म्हणजे कलम ३ प्रमाणं लायसन्स पाहिजेच, आणि ते नसेल तर कलम २१ प्रमाणं ठाण्यात किंवा लायसन्स असलेल्या डीलरकडं जमा करायचं, बास. आपणहून कळवणाऱ्याकडं पोलीस वेगळ्या नजरेनं बघतात हे मी खात्रीनं सांगतो, कारण हेच मी वर्षानुवर्षं बघितलंय.

फौजदार साहेब आले, दोन पंच बोलावले, पंचनामा सुरू झाला. मी दुकानात होतो हे त्यांना माहीत होतं म्हणून त्यांनी मलाच सांगितलं की भरलंय का बघा. नळी भिंतीकडं धरून डाव्या अंगाची कळ अंगठ्यानं दाबली, नळी पुढं मोडून खाली झुकली आणि सिलिंडरच्या मधला, काडतुसं बाहेर ढकलणारा तारा आपोआप वर आला. सहाच्या सहा घरं रिकामी. सगळ्यांनी श्वास सोडला. फौजदार साहेब म्हणाले ही तर कानपूरची बत्तीस बोअर दिसतीय. त्यांचं तसं म्हणणं साहजिक होतं, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं बत्तीस बोअर वेब्ली या इंग्रज कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या धर्तीवरच निघालंय, तेही असंच मधे मोडतं. पण हे त्याच्या आधीच्या पिढीतलं होतं.

आता शिक्क्यांकडं येतो, कारण सगळं प्रकरण तिथंच फिरलं.

उजव्या अंगाला, घोड्याच्या खाली, चिंध्यानं तेल पुसल्यावर आधी मुकुट दिसला, त्याच्या खाली एनफिल्ड, मग नंबर २, मार्क १ आणि त्याच्या शेजारी एक चांदणी, आणि शेवटी साल १९४१. नळी पाच इंची. घोड्याला मागं शेपूट नाही, म्हणजे अंगठ्यानं मागं ओढायला जो उंचवटा असतो तोच नाही. पंचांमधले एक जण म्हणाले घोडा तुटलाय. तुटलेला नव्हता, बनवलाच तसा होता. रणगाड्यातल्या लोकांचं हत्यार आत-बाहेर करताना कुठंतरी घोडा अडकायचा, म्हणून १९३८ पासनं या मॉडेलचा घोडा बिनशेपटीचा केला, चाप पूर्ण ओढायचा आणि त्यानंच घोडा उठणार आणि पडणार. चांदणीचा अर्थ तोच. हे हत्यार इंग्लंडात एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात बनलं, पण मूळ डिझाइन वेब्ली कंपनीचं, सरकारनं आमचं डिझाइन उचललं म्हणून कंपनीनं २२५० पौंडांचा दावा लावला होता, कोर्टात हरले, पुढं सरकारी आयोगानं १२५० पौंड दिले. कानपूरच्या रिव्हॉल्व्हरशी चेहरा जुळतो तो असा, दोघांचं घराणं एकच.

मी साल मोठ्यानं वाचलं, १९४१, आणि ताईंचे वडील एकदम म्हणाले, "शक्यच नाही."

काकांचं वय ७६. त्यांच्या घरात या रिव्हॉल्व्हरची गोष्ट तीन पिढ्या सांगितली जात होती, फक्त वस्तू कोणी बघितली नव्हती. गोष्ट अशी की १९३० च्या मार्शल लॉच्या वेळी काकांच्या आजोबांनी एका गोऱ्या साहेबाच्या कमरेचं रिव्हॉल्व्हर हिसकावलं आणि माळ्यावर लपवलं. सोलापूरकराला १९३० म्हणजे काय हे सांगायला नको, तरी बाहेरच्यांसाठी सांगतो. मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली, ८ मे ला गावात गोळीबार झाला, लोक उठले, दोन-तीन दिवस इंग्रजांचं राज्य गावात उरलंच नाही, मग १२ मे ला मार्शल लॉ लावला तो ३० जूनपर्यंत. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. चार पुतळ्यापाशी आजही १२ जानेवारीला हार चढतात आणि काका दरवर्षी जातात. त्यांचे आजोबा गिरणी कामगार, त्या वेळी त्यांना शिक्षा झाली होती, तो कागद घरात फ्रेम करून लावलाय, त्यात काही शंका नाही.

पण रिव्हॉल्व्हर त्या गोष्टीत बसत नव्हतं. काकांनी लगेच विचारलं की ४१ साली नुसती दुरुस्ती होऊन शिक्का मारला असेल तर? प्रश्न चांगला होता आणि मी त्याला टाळलं नाही. या मॉडेलच्या जुन्या तुकड्यांचे घोडे नंतर बदलले गेले हे खरंय, म्हणून नुसत्या घोड्यावरनं साल काढता येत नाही. पण हे मॉडेलच मुळात १९३२ ला सैन्यात आलं, १९३० ला ते कोणाच्याच कमरेला नव्हतं. त्या काळातल्या गोऱ्या अधिकाऱ्याकडं असायचं ते वेब्ली मार्क ६, नळी सहा इंची, बोअर ४५५, वजन किलोच्या वर. हे पाच इंची, ३८ बोअरचं, पाऊण किलोच्या जवळपास. दोन्ही हातात घेतली तर डोळे मिटून फरक कळतो.

काका चिडले, आणि त्यांचं चिडणं मला लागलं. "म्हणजे आमचे आबा खोटं बोलले का?" मी म्हणलं काका, एवढंच सांगा की ही गोष्ट तुम्ही आबांच्या तोंडून ऐकली का? विचार करून म्हणाले, नाही, वडिलांकडनं. वडिलांनी कोणाकडनं ऐकली? त्यांचं उत्तर होतं की घरात सगळ्यांना माहीतच होतं. म्हणजे आबांच्या तोंडचं एकही वाक्य नव्हतं. शिक्षा भोगलेला माणूस घरात आहे आणि माळ्यावर रिव्हॉल्व्हर आहे असं म्हणतात, मग दोन्ही एकमेकांना चिकटले, यात खोटं कोणीच बोललं नाही.

मग १९४१ सालचं हत्यार या घरात आणलं कोणी? मी विचारलं घरात फौजेत कोणी होतं का. सगळे नाही म्हणाले. ताई मात्र थोडं थांबून म्हणाल्या की आबांचे धाकटे भाऊ होते, पण ते पोलिसात जमादार होते, त्यांचं कोणी नाव काढत नाही. आबा इंग्रजांच्या विरुद्ध आणि सख्खा भाऊ इंग्रजांचा पोलीस, म्हणून घरात त्यांचा विषयच बंद. एक फोटो होता, वर्दीतला, तोही कपाटाच्या मागं पडलेला.

फोटो बघायच्या आधी मी ट्रंक बघितली. ट्रंकेला नंतर कोणीतरी निळा ऑइल पेंट मारला होता. संध्याकाळ झाली होती, खोलीतला बल्ब बंद केला आणि मोबाइलची बॅटरी झाकणाला अगदी चिकटवून आडवी धरली, म्हणजे उजेड पत्र्यावरनं घसरत जाईल अशी. जुन्या जाड पेंटची अक्षरं निळ्याच्या खालनं उठून दिसायला लागली. आधी एक नंबर, मग जे ई एम, मग आडनाव, आणि खालच्या ओळीत तीन, तिरकी रेघ, पाच, एम एल आय. ताईंनी विचारलं जेम म्हणजे काय, हे कोणाचं नाव? मी म्हणलं ताई, जेम म्हणजे जमादार, आणि हा पोलिसातला जमादार नव्हे.

इथं सगळी गडबड झाली होती. आपल्याकडं जमादार म्हणलं की डोळ्यासमोर चौकीतला हवालदार-जमादार येतो. पण तेव्हाच्या हिंदी फौजेत जमादार हा अधिकाऱ्याचा हुद्दा होता, सुभेदाराच्या खालचा, हाताखाली एक प्लाटून असायची. १९६५ साली त्याचं नाव बदलून नायब सुभेदार झालं, आणि त्यानंतर वाढलेल्या पिढीला जमादार म्हणजे फौजी हे कळायचं कारणच उरलं नाही. खालच्या ओळीचा अर्थ ५ मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. कपाटामागचा फोटो काढला तर डोक्यावर तिरकी टोपी आणि तिच्यावर बिगुलाचा बिल्ला. हा फोटो पोलिसाचा आहे असं घरात साठ वर्षं समजत होते.

आता इथंच थांबता आलं असतं, पण ट्रंक आप्पांची, म्हणजे त्या धाकट्या भावाची, म्हणून रिव्हॉल्व्हर आप्पांचं असं होत नाही. ट्रंकेत काहीही ठेवता येतं. नंबरावर नंबर बसला पाहिजे, दुकानात हेच शिकलो. घरात त्यांना आप्पा म्हणायचे एवढं त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

शेतीचे जुने उतारे, पावत्या असं एका लाल फडक्यात बांधलेलं दप्तर होतं, ते ताईंनी दोन रात्री बसून एकेक कागद करून बघितलं. त्यात लायसन्सचं पुस्तक निघालं, १८७८ च्या जुन्या कायद्याखालचं, १९४९ साली दिलेलं, गावाचं नाव तेव्हाच्या पद्धतीनं शोलापूर. नाव आप्पांचं, हत्यार ३८ बोअर रिव्हॉल्व्हर, काडतुसं पंचवीस, शेवटचं रिन्यूअल १९६०. आप्पा १९६१ ला गेले, मूलबाळ नव्हतं, मग रिन्यूअल करायला कोण जाणार. नवा कायदा १९६२ च्या ऑक्टोबरात लागू झाला तेव्हा हे हत्यार आधीच माळ्यावर गेलेलं होतं.

नंबर मात्र जुळेना. पुस्तकात एक इंग्रजी अक्षर आणि चार आकडे, सगळं बरोबर, फक्त तिसरा आकडा पुस्तकात ३ आणि मी पंचनाम्यात मुठीजवळच्या बॉडीवरनं लिहून दिलेला ८. एका आकड्यानं दुसरं हत्यार होतं, यात जवळजवळ बरोबर असं काही नसतं. दोन दिवस मला नीट झोप नव्हती कारण वाचलं मी होतं. परत ठाण्यात अर्ज दिला, साहेबांच्या समोर भिंग घेऊन बसलो. बॉडीवर तो आकडा ज्या जागी होता तिथं म्यानाचं चामडं घासून धातू झिजला होता आणि गंजाचा एक ठिपका बरोबर ३ च्या उघड्या बाजूला बसला होता, त्यामुळं तो ८ दिसत होता. सिलिंडरवर तोच नंबर परत मारलेला असतो, तिथं तो ३ स्वच्छ, काल मारल्यासारखा. साहेबांनी स्वतः वाचला आणि पंचनाम्याला पुरवणी जोडली. त्याच वेळी आणखी एक खूण नजरेला आली जी पहिल्या दिवशी तेलाखाली राहिली होती, दोन बाण एकमेकांकडं टोक करून. एक बाण म्हणजे सरकारी माल, आणि दोन बाण टोकाला टोक म्हणजे सरकारनं तो माल रीतसर विकून टाकला. काकांच्या मनात एक भीती होती, त्यांनी बोलून दाखवली नव्हती पण मला कळत होती, की आप्पांनी फौजेतनं चोरून आणलं असेल. ती भीती या दोन बाणांनी गेली.

तरीही, १९४९ ला लायसन्स म्हणजे १९४९ ला ते आप्पांकडं होतं एवढंच. लढाईत हेच कमरेला होतं का? याचं उत्तर ट्रंकेच्या तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली एका खिशात मावणाऱ्या वहीत होतं. वही मोडीत. मला मोडी येत नाही, भूमी अभिलेखातनं रिटायर झालेले एक जण वाचून द्यायला तयार झाले. आधी ओढलेल्या रेघेवर हात न उचलता लिहिलेली अक्षरं, शब्द कुठं संपतो ते कळत नाही, पण आप्पांचा हात वळणदार होता म्हणाले. आत लढाईचं वर्णन काहीच नव्हतं, जमादाराचा हिशेब होता. कोणाला किती घोंगड्या दिल्या, कोणाची मनीऑर्डर गेली, कोणाच्या बुटाचा तळ गेलाय. मधल्या एका पानावर १९४४ साल, आणि खाली पलटणीतल्या हत्यारांची यादी. रायफलींचे नंबर, समोर माणसांची नावं. शेवटच्या ओळीत "पिस्तूल, स्वतःकडे" आणि नंबर. इंग्रजी अक्षर सुद्धा मोडीतच लिहिलेलं. गृहस्थांनी एकेक आकडा मोठ्यानं वाचला आणि ताईंनी समोर धरलेल्या कागदावर बोट ठेवत नेलं. तिसरा आकडा ३. ताई तिथंच रडायला लागल्या.

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला काकांच्या सहीनं अर्ज पाठवला होता, ट्रंकेवरचा नंबर आणि हुद्दा टाकून. काही महिन्यांनी उत्तर आलं, छोटंसंच. भरती १९३९, जमादार १९४३, इटलीत बटालियनबरोबर, १९४६ ला घरी. ही तिसरी बटालियन म्हणजे नाईक यशवंत घाडगे यांची, माणगावजवळच्या पळसगावचे, १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे पडले आणि हा माणूस एकटा मशीनगनवर धावून गेला, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर. तिथल्या मोंतोने गावात २०२३ साली त्यांचं स्मारक झालं. आप्पा त्या बटालियनमध्ये होते हे ऐकून काका बराच वेळ फोटोकडं बघत बसले. आता तो फोटो आबांच्या फ्रेमशेजारी लागलाय, काकांनी स्वतः खिळा मारला.

माझ्याकडनं एक चूक झाली ती इथं लिहितो, कारण असं प्रकरण हाताळणाऱ्या दुसऱ्या कोणाला तरी उपयोगी पडेल. मी शिक्के, कागद, वही सगळं बघितलं आणि माणसाकडं सगळ्यात शेवटी गेलो. काकांच्या आत्या, म्हणजे आबांची मुलगी, अक्कलकोटला दिलेल्या, वय ८८, अजून ठणठणीत. आप्पा फौजेतनं परत आले तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं, आणि इतक्या वर्षांत त्यांना कोणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. लग्न होऊन गेलेल्या पोरीला घराचा इतिहास कोण विचारतो.

आम्ही गेलो तर म्हणाल्या, "काय शोधायलाव ओ एवढं? आप्पा पोलीस कुठले, ते लढाईवर होते की." मग आबांशी बिनसलं का होतं? म्हणाल्या इंग्रजाची नोकरी, मग ती पोलिसाची काय आणि पलटणीची काय, आबांना एकच. दोघं एका पंगतीला कधी बसले नाहीत. आबांचं जेवण झाल्यावर आप्पा आत चुलीपाशी आम्हा पोरांबरोबर बसायचे. ताईंनी विचारलं लढाईचं काही सांगायचे का? आत्या म्हणाल्या छे, कधीच नाही. मग स्वतःशीच हसल्या.

"एक होतं बघ. ताटं वाढली की आम्हाला म्हणायचे, मांजारे, मांजारे. आम्हाला वाटायचं मांजर आलंय, सगळी पोरं ताट सोडून मांजर बघायची. मांजर नसायचंच कधी."

ताईंनी माझ्याकडं बघितलं. मी फोनवर शोधून त्यांच्या पुढं धरलं, आणि त्यांनी आत्यांच्या कानाशी वाकून सांगितलं की आत्या, इटलीतली माणसं जेवायला असं म्हणतात. आत्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला आणि मग आतल्या सुनेला हाक मारली, ताटं घे म्हणून.